तक्त्यातला शेवटचा रकाना

माझा राग नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बाईसाहेबांनाही. बाईसाहेब म्हणजे आमची मांजर. अंगाने पांढरी, शेपटी करडी आणि खाण्याचे नखरे असे की हे नाव आपोआपच पडलं. घरात आम्ही चौघं : मी, नवरा, सासरे आणि ती. पण ती आमची म्हणायची एवढंच. खरी ती आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. सासूबाई गेल्या त्या वर्षी ती पिल्लू म्हणून आली आणि तेव्हापासून त्यांच्या खोलीत, त्यांच्या पायथ्याशी झोपायची.

यंदा तिला खाज सुटली. मानेवरचे केस गेले, मग कातडी फुटली. रात्रंदिवस खाजवून तिने मानेवर रुपयाएवढी जखम करून घेतली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की बहुतेक खाण्यातलं काहीतरी बाधतंय, कोंबडी किंवा अंडं असावं. आता एकच खाणं, बदकाच्या मांसाचं, डब्यातलं, आठ आठवडे. दुसरं काही कणभरही पोटात गेलं तर कळणार काहीच नाही. जखम अशीच वाढली तर आत पसरेल, हेही त्यांनी सांगितलं. आणि रोजचं लिहून ठेवायला तक्ते दिले, आठवड्याला एक.

डबा उघडला, बशीत काढला. बाईसाहेबांनी वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि बशीभोवतीची फरशी पंज्याने खरवडू लागल्या, जणू घाण पुरून टाकायची आहे. दोन दिवस उपाशी राहिली. मी बशी बदलली, जागा बदलली, हाताने भरवून पाहिलं. शेवटी तोडगा काढला आप्पांनी. चहाच्या गरम कपावर त्यांनी बशी झाकण म्हणून ठेवली, चहा निवेपर्यंत थांबले, आणि कोमट झालेलं बदक तिच्यापुढे सरकवलं. तिने बशी चाटून पुसून साफ केली. त्या दिवसापासून आप्पा रोज दोनदा गार चहा पिऊ लागले. मी त्यांना साधं शाबास म्हटलं नाही.

तक्ताही आप्पांकडेच गेला. पस्तीस वर्षं ते हवामान केंद्रावर निरीक्षक होते. सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, ठरल्या वेळी उपकरणांपुढे उभं राहायचं आणि वहीत नोंद करायची. त्यांच्या कामाचा एक नियम होता, तो ते येताजाता सांगायचे : दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. ढग दिसले तर ढग लिहायचे, पाऊस येईल असं लिहायचं नाही. का आणि कशामुळे ते वरचे बघतील. आता त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून ते मांजरीची नोंद करू लागले. तक्ता फ्रिजवर चुंबकाने लावलेला असायचा. त्यात खाणं, उलटी, खाजवणं असे रकाने होते आणि शेवटचा रकाना ‘इतर’. मी येताजाता फक्त खाजवण्याचा आकडा बघायचे. बाकीचं त्यांचं ते बारीक, तिरकं अक्षर वाचायला वेळ कुणाला होता?

बारा दिवस झाले तरी आकडा हलेना. एकदा चौदा, एकदा सोळा, पुन्हा चौदा. जखम ओलीच. तेराव्या दिवशी सकाळी आप्पांची चादर झटकताना मला अंड्याच्या पिवळ्या बलकाचा चुरा सापडला. आप्पा रोज सकाळी एक उकडलेलं अंडं खायचे. झालं, माझा चोर सापडला.

शेजारीण तेव्हा दारातच उभी होती, नेलेलं पातेलं परत द्यायला आलेली. मी तिच्यादेखत बोलले. म्हटलं, “आप्पा, तुमच्या या लाडापायी मरेल ती.”

आप्पा म्हणाले, “मी तिला काही दिलेलं नाही. कागदावर आहे सगळं.”

“कागदाचं मला सांगू नका,” मी म्हटलं. शेजारणीने पातेलं कट्ट्यावर ठेवलं आणि ती निघून गेली.

त्या दिवसापासून आप्पांनी अंडं सोडलं. मी तेवढ्यावर थांबले नाही. मांजर त्यांच्या खोलीत जाणार नाही, ते तिला हात लावणार नाहीत, बशी मीच भरणार, असा फतवा त्याच दिवशी काढला. नवरा म्हणाला, जरा दमाने घे. त्यालाही मी दोन शब्द ऐकवले. एकदा कामाला निघताना पाहिलं तर आप्पांच्या बंद दाराखालच्या फटीतून बाईसाहेबांनी पंजा आत घातला होता आणि आतून आप्पांचं बोट त्या पंज्याला लागलं होतं. मी टॉवेलची गुंडाळी करून ती फट बंद केली. हे मी केलं. हे लिहिताना आजही कान तापतात.

खाजवणं काही कमी होईना. मला वाटलं, म्हातारा माझ्या माघारी दार उघडतोय. एकतिसाव्या दिवशी मी मांजरीला पिंजऱ्यात घातलं, फ्रिजवरचे पाचही तक्ते काढून पर्समध्ये टाकले आणि डॉक्टरांकडे गेले. मनात होतं की त्यांच्याच तोंडून आप्पांना कडक निरोप न्यायचा.

डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, मग चष्मा लावून तक्ते वाचायला घेतले. मी आपली बोलत होते, घरात म्हातारं माणूस असलं की कसं असतं वगैरे. त्यांनी मान वर न करता विचारलं, “तुम्ही काय काम करता?”

मी बेकरीत आहे. भट्टीत जाण्याआधी पावांवर अंडं आणि दूध फेटून लावते. बाकीच्या ब्रश वापरतात. मी बोटांनी लावते, ब्रशचे केस पावाला चिकटतात म्हणून. सगळ्या बेकरीत माझ्या पावांसारखी चकाकी कुणाच्या पावाला नाही. हे सगळं मी त्यांना ऐटीत सांगितलं.

त्यांनी तक्ता माझ्याकडे फिरवला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. “सहा वीस. सूनबाई कामावरून आल्या. मांजरीने दोन्ही हात व स्वेटरच्या बाह्या चाटल्या. दोन मिनिटे.” खालच्या दिवशीही तेच. त्याच्या खालच्या दिवशीही. कधी दोन मिनिटं, कधी तीन. सुट्टीचे दिवस सोडले तर एकही ओळ रिकामी नव्हती. आणि सुट्टीनंतरच्या दिवशी खाजवण्याचा आकडा दर वेळी एकदोनने उतरलेला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. हात मी रोज धुवायचे, पण वरवर. नखांत, अंगठीखाली, बाह्यांवर अंडं वाळलेलं असायचं. आणि दार उघडलं की बाईसाहेब धावत यायच्या, खरखरीत जिभेने माझी बोटं चाटायच्या. मला वाटायचं, हिचा माझ्यावर जीव आहे. मी त्यासाठी चप्पलही न काढता दारातच बसायचे.

मी पुढचं वाचत गेले, थांबता येईना. “दुपारी दोन. मांजर मागे मागे खोलीच्या दारापर्यंत आली. आत घेतले नाही.” रोज दुपारी दोन. घरात त्या वेळी दुसरं कुणीही नसायचं. “सकाळी नऊ. फटीत टॉवेल लावण्यात आला.” कुणी लावला, ते लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “इतकी चोख नोंद मी कधी पाहिली नाही, ज्यांनी केली त्यांना माझा नमस्कार सांगा.” मी होकाराची मान हलवली. पिंजरा उचलताना माझे हात मला लपवावेसे वाटत होते.

घरी आले तेव्हा आप्पा स्वयंपाकघरात खुर्चीवर होते. मी पिंजऱ्याचं दार उघडलं. बाईसाहेब माझ्याकडे वळल्या, तेव्हा मी हात पाठीमागे घेतले. आप्पांनी ते पाहिलं आणि त्यांना कळलं. मी विचारलं, “तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“लिहिलं होतं की,” ते म्हणाले. मग त्यांनी चष्म्याच्या काचा पुसल्या. “तू दमून येतेस. ती हात चाटते तेवढ्याच वेळी हसतेस. मग तोंडाने सांगायला जीभ रेटली नाही. म्हटलं, वाचशील तेव्हा वाचशील.”

माफी मागायला मी तोंड उघडलं आणि बोलले काय, तर चहा ठेवू का. ते म्हणाले, ठेव. मी सांडशी शोधत राहिले, ती माझ्या हातातच होती. त्यांच्या दाराखालचा टॉवेल काढला, धुवायला टाकला. बाईसाहेब आत गेल्या, पायथ्याशी चढल्या आणि पाठ फिरवून बसल्या, जणू मधे काही झालंच नव्हतं. शेजारणीकडे जाऊन मात्र मी सगळं सांगितलं. जिच्यादेखत बोलले होते तिच्यादेखतच ते गिळायला हवं होतं. ती नुसती बरं म्हणाली, आणि ते मला चार शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

पण आप्पांना तोंडाने सांगणं काही जमेना. माझी जीभ भांडायला तेवढी तयार. शेवटी रात्री जेवणं झाल्यावर मी फ्रिजवर नवा तक्ता लावला आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं. नियम पाळून, दिसलं तेवढंच : “सुनेने आप्पांवर खोटा आळ घेतला. मांजर त्यांच्यापासून तीन आठवडे तोडली. चूक सुनेची होती.”

सकाळी उठले. आप्पांची सातची नोंद होऊन गेली होती. कट्ट्यावर गरम कप होता, त्यावर बशी. मी तक्त्यापाशी गेले. माझ्या ओळीतले ‘तीन आठवडे’ हे शब्द एका रेघेने खोडले होते, आणि वर त्याच बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं : “एकोणीस दिवस.”