दहा फुटांचा धक्का

रूपरावावर गोळीबार झाला, ही बातमी जाम गावच्या चौकात रूपरावानेच पोहोचवली. आधी त्याने बातमीदारांना फोन केले, मग आपल्या गटाच्या पोरांना, मग नागपूरच्या एका पुढाऱ्याच्या स्वीय सहायकाला. पोलिसांची आठवण शेवटी झाली. फौजदार वर्षाली, हवालदार नत्थूजींना घेऊन, त्याच्या धान्याच्या गोदामात पोहोचली तेव्हा दिवस मावळत होता. रूपराव सोयाबीनच्या पोत्यांवर उताणा पडला होता आणि दोन पोरं मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होती. मध्येच एकाने त्याला मान थोडी डावीकडे करायला सांगितली, तशी त्याने ती केलीही.

हा माणूस आयुष्यात दोन निवडणुका लढला आणि दोन्ही पडला. तरी चौकातल्या प्रत्येक फलकावर त्याचा हात जोडलेला फोटो असायचा. आपल्या मागे बंदूकवाला पोलीस चालावा, ही त्याची फार जुनी हौस. त्याचा प्रतिस्पर्धी चंद्रभान याला धमकीच्या फोनांमुळे उन्हाळ्यात असा एक शिपाई मिळाला, तेव्हापासून रूपरावाला जेवण गोड लागत नव्हतं.

त्याने सांगितलेली हकिगत अशी. तो गोदामाच्या दारात उभा होता. तोंडाला दुपट्टा बांधलेला एक माणूस मोटरसायकलवर आला, दारासमोर थांबला आणि बसल्या बसल्याच त्याने गोळी झाडली. गोळी रूपरावाच्या छातीवरच्या खिशात असलेल्या पितळी पानडब्यावर बसली, म्हणून जीव वाचला.

"पन धक्का असा बसला म्याडम, का मी दहा फूट मांगं फेकल्या गेलो," तो म्हणाला. "इथं पोते नसते तं सीधा भिंतीतच गेलो असतो."

डबा खरोखर चेपला होता आणि शिशाची गोळी त्यात रुतून बसली होती. शर्टाच्या खिशाला भोकही होतं, मात्र ते उदबत्तीने पाडल्यासारखं गोल आणि कडेने काळं. नत्थूजींनी शर्ट वर करून पाहिलं. छातीवर साधा लाल डागही नव्हता.

वर्षालीला राग आला नाही. रागावण्याइतकी किंमतही तिला या माणसाला द्यावीशी वाटेना. तिने वर्ध्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी केलं होतं आणि फौजदार होण्याआधी देवळीत दोन वर्षं शिकवण्या घेतल्या होत्या. बंदूक गोळीला जितका संवेग पुढे देते, तितकाच तिला स्वतःला मागे मिळतो, हे तिने कितीतरी पोरांकडून घोकून घेतलं होतं. संवेग म्हणजे वस्तूचं वस्तुमान गुणिले वेग. गोळीचं वजन आठेक ग्रॅम, वेग सेकंदाला तीनशे मीटर धरला, आणि ती शंभर किलोच्या रूपरावात येऊन थांबली, तर रूपराव सेकंदाला जेमतेम अडीच सेंटीमीटर वेगाने मागे सरकणार. मुंगी साधारण त्याच वेगाने चालते. पायाखालच्या फरशीने तेवढंही सरकू दिलं नसतं. आणि गोळीत त्याला दहा फूट उडवण्याइतका जोर असता, तर चाप ओढताक्षणी तितकाच जोर मारणाऱ्यालाही मागे मिळाला असता.

हे त्याला समजावून सांगण्यात तिला रस नव्हता. तिने वही बंद केली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "अन् गोळी मारणारा? तो नाई पडला?"

"तो काऊन पडंन?"

"बंदूक मांगं धक्का मारते ना, रूपरावजी. तुमाले जेवढा, तेवढाच त्याले."

बाई आपल्याला मदत करून राह्यली, असं रूपरावाला वाटलं असावं. तो कोपरावर उठून बसला.

"हो, हो. तोही उडाला ना. गाडीवरून उडाला तं पार रस्त्यापल्याड."

"दहा फूट?"

"बारा असंन."

नत्थूजींनी तोंड फिरवून दाराशी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. पोरांचे मोबाइल चालूच होते.

ट्रॅक्टरच्या आडोशाला रूपरावाचा ड्रायव्हर गोपाल उभा होता. चाळिशी ओलांडलेला, मुकाट माणूस. बावीस वर्षांपासून तो रूपरावाची गाडी चालवत होता, निवडणुकीत रात्री-बेरात्री हिंडवत होता. त्याने तोंडाला रुमाल धरला होता. रूपराव घाईने म्हणाला की तो ट्रॅक्टरवरून पडला. वर्षालीने गोपालला रुमाल काढायला सांगितलं. वरचा ओठ फाटून सुजला होता, समोरचा दात अर्धा तुटला होता, आणि उजव्या हाताच्या अंगठ्यापाशी बारुदाची काळी राख बसली होती.

तिला सगळं कळलं. त्याने गावठी कट्टा पहिल्यांदाच हातात धरला असणार. नेम धरायला तो डोळ्यांजवळ आणला, मूठ ढिली ठेवली. गोळी पुढे गेली आणि तितकाच संवेग घेऊन कट्टा मागे आला. गोळीपेक्षा पुष्कळ जड असल्याने तो सावकाश आला, पण लोखंडाचा तुकडा तोंडावर आदळायला तेवढा वेग पुरला. त्या गोळीने खरा धक्का एकालाच बसला होता, आणि तो रूपरावाला नव्हता.

"पहिल्यांदाच चालवली का, गोपालभाऊ?" तिने हळूच विचारलं.

गोपालने मालकाकडे पाहिलं. मालकाला एवढंच दिसलं की आता कोणालातरी पुढे करावं लागणार.

"म्याडम, हाच असंन," रूपराव ओरडला. "हाच होता गाडीवर. दुपट्ट्यानं मी ओळखलं नाई. बावीस वर्सं माह्यं मीठ खाल्लं यानं."

गोपालला ते समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने रुमाल खिशात ठेवला. फाटक्या ओठाने त्याला नीट बोलता येत नव्हतं.

"भाऊ," तो म्हणाला, "डबा तं तुमीच पोत्याले टेकून ठेवला होता. मार म्हटलं, म्हून मारली."

कट्टा शोधायला लांब जावं लागलं नाही. रूपराव ज्या पोत्यांवर जखमी होऊन पडला होता, त्यांच्याच खाली तो निघाला. ठाण्यात नेताना रूपरावाच्या छातीत कळा येऊ लागल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि त्याला पित्ताची गोळी दिली.

पोरांनी तो व्हिडिओ आधीच टाकून दिला होता, बारा फुटांसकट. आठवडाभर जाम चौकात कोणी चहाचा कप पुढे केला, की घेणारा दोन पावलं मागे उडून दाखवायचा. जामिनावर सुटलेल्या रूपरावाने विरोधकांचा कट असल्याचं पत्रक काढलं. ते छापणाऱ्यानेही म्हणे आधी रोख पैसे घेतले.

गोपालवरही गुन्हा होताच. वर्षालीने त्याचा जबाब जसाच्या तसा घेतला आणि वरिष्ठांना त्याला साक्षीदार करता येईल का ते विचारलं. अटकेच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी त्याची बायको धुरपता कोठडीतल्या गोपालसाठी जेवणाचा डबा घेऊन ठाण्यात आली होती. तिच्या मागोमाग रूपरावाचा एक माणूस आला आणि व्हरांड्यातच तिला गाठून सांगू लागला, की गोपालने बयाण बदललं तर भाऊ नागपूरला नेऊन त्याचा दात बसवून देतील. शेवटी घरचाच माणूस आहे.

धुरपताने त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"काल चार लोकायत त्यायनं याले वळखलं नाई," ती म्हणाली. "आता घरचा कायचा? जाय तू."

तो आणखी काही बोलणार होता, पण आत वर्षाली खुर्चीवरून उठलेली त्याला दिसली आणि तो गेला. धुरपताने आत जाऊन गोपालपुढे डबा उघडला. पातळ भात होता. गोपालने पहिला घास घेतला आणि ओठावर हात दाबला. सवयीने तिने त्यात तिखट घातलं होतं.