कोपऱ्यातला डाग

जिलची गाडी फाटकातून आत येताना दिसली, तसा क्लाइव टनिक्लिफनं फवारणीचा पंप केबिनमागे सरकवला आणि चहाचा मग हातात घेतला.

गाडी नवी होती, कंपनीची. तिचं जॅकेट असं कोरं, की ही बाई कधीकाळी आपल्या शेजारी गुडघे टेकून माती खरवडत होती हे सांगून कुणाला पटलं नसतं. दोघं एकाच उन्हाळ्यात या धंद्यात आले. बिल्डर घरं बांधणार, त्याआधी जमीन उकरून बघायची, खाली जुनं काही असेल तर नोंदवून उचलायचं आणि जागा मोकळी करून द्यायची, हा तो धंदा. मॅनेजरच्या जागेसाठी दोघांनी अर्ज केला. जिल मॅनेजर झाली, क्लाइव चिखलातच राहिला, आणि तेव्हापासून जळत होता. तिच्या बोलण्यावर जळायचा, हसण्यावर जळायचा. वाढदिवसाला ती केक पाठवायची, तो खाताना तर जास्तच.

आज ट्रेंट नदीकाठचं हे शेत मोकळं करायचं होतं. काम पुरं झाल्याची सही जिल करणार, कौन्सिलतर्फे आलेले मिस्टर पार्गेटर मान डोलावणार, आणि सोमवारी पाया खणायला जेसीबी येणार.

पण सकाळी दव पडलं होतं. ही जमीन रेताड. ओली असली की पोटातलं सगळं सांगते, वाळली की तोंड मिटून बसते. दवात क्लाइवला पूर्वेच्या कोपऱ्यात डाग दिसला होता, गडद, लांबट, कडा सरळ. कधीकाळी खणून बुजवलेली कबर होती ती. डाग दिसला की आधी दोन्ही टोकांना खुंट्या ठोकायच्या, हा नियम नव्या लोकांना तोच शिकवायचा. आज खुंट्या खिशातच राहिल्या. ऊन चढलं, डाग विरला, आणि क्लाइव नुसता बघत राहिला. जेसीबीच्या दातात हाडं येणार, बोंबाबोंब होणार, आणि कागदावर सही कुणाची, तर जिलची. धंद्याच्या संस्थेत तिची चौकशी होणार. विचार इतका गोड होता की तो चहात साखर घालायचं विसरला.

तिघं शेतातून फिरत कोपऱ्यापाशी आले. जिल थांबली.

"इथं पाणी मारून पाहिलंस?"

नेमकं तेच विचारलं. तिला ते सुचावं याचाही त्याला राग आला.

"पाहिलं," क्लाइव म्हणाला. "काही नाही."

आणखी एकदा मारायला हरकत काय, असं पार्गेटर म्हणत होते.

"क्लाइव म्हणतोय ना, मग झालं," जिल म्हणाली. "त्याच्या शब्दावर मी डोळे मिटून सही करते."

आणि तिनं पेनाचं टोपण काढलं.

तिनं चार शब्द सुनावले असते तर त्याला सोपं गेलं असतं. क्लाइवनं चहाचा मग खाली ठेवला, केबिनमागून पंप आणला आणि कुणाकडे न बघता पाणी मारायला लागला. माती काळवंडली. डाग वर आला. सकाळच्यापेक्षा लहान वाटला, जेमतेम दोन हात लांब. लहान मुलाची कबर.

पार्गेटर गुडघ्यांवर बसले. दुरून बिल्डरचा माणूस टेरी हातवारे करून विचारत होता, झालं का म्हणून. जिलनं क्लाइवकडे पाहिलं. दवात काय दिसतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती समजली, आणि ती समजली हे त्यालाही समजलं.

तिनं टोपण परत लावलं.

"बघा," ती पार्गेटरना म्हणाली, "म्हणून मी क्लाइवला साइटवरून हलू देत नाही. स्वतःचाच शब्द पुन्हा तपासणारा माणूस मिळतो कुठं?"

पार्गेटरनी उठून क्लाइवचा हात हातात घेतला. तो चिखलानं बरबटला होता, तरी घेतला.

टेरीला सांगायला जिल एकटीच गेली. त्याचा आरडाओरडा कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता. त्या शिव्या खरं तर क्लाइवच्या वाट्याच्या होत्या. त्याही तिनंच अंगावर घेतल्या.

ऊन कडक झालं होतं. डाग कडेकडेनं वाळून पुसट होऊ लागला. क्लाइवनं खिशातून खुंट्या काढून दोन्ही टोकांना ठोकल्या आणि पुन्हा पाणी मारू लागला. नोंदीसाठी फोटो निघेपर्यंत डाग दिसत राहायला हवा होता.