काय म्हणतोय रांजण?

जावयाने निळीच्या रांजणावरचं झाकण सरकवलं, खाली वाकून नाक आत घातलं आणि डोळे मिटून श्वास घेतला. मागे सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"सांगा जावईबापू, काय म्हणतोय रांजण?"

हा प्रश्न हल्ली रोजचाच. शहरातली नोकरी सुटली आणि तो बायकोला घेऊन सासुरवाडीला राहायला आला, तेव्हापासून सासूबाई त्याला निळीचं रंगकाम शिकवत होत्या. जावयाला रागावायची सोय नाही, म्हणून त्या त्याच्या चुकांवर खोकायच्या. लहान चूक, लहान खोकला. कापड जमिनीवर पडलं की त्यांना चांगली ढास लागे. गल्लीतले लोक त्याला घरजावई म्हणत, तेही तोंडावर. तो हसण्यावारी नेई, पण लागायचं ते लागायचंच. एकदा कुणीतरी आपल्याला रंगारी म्हणावं, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

आज रांजणाला आंबूस वास येत होता, म्हणजे रंग बिघडलाय, असं त्याला वाटलं. पण वरचा तांबूस तवंग छान चमकत होता आणि भिजवून पिळलेले तागे तयार होते. सासूबाईंची घाई तर चेहऱ्यावरच दिसत होती. त्यांच्या नाकाने कधीच ओळखलं असणार, आपली नुसती परीक्षा चालली आहे, असं त्याने धरलं. आणि सासूबाईंना नाही कसं म्हणायचं?

"चांगलाय की."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी तागा आत सोडला. वर काढला तेव्हा तो हिरवट होता, वाऱ्यावर निळा झाला, आणि धुवायला घेतल्याबरोबर सगळी निळाई पाण्यासोबत निघून गेली. उरला तो रंग धड निळा नाही, धड राखी नाही. जावई खोकल्याची वाट बघत उभा राहिला.

खोकला आला नाही. सासूबाईंनी तागा उलटसुलट करून बघितला.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या आणि रांजणाचा आंबटपणा मारायला चुना आणायला आत गेल्या.

त्याला हे कोडं काही सुटेना. वास बिघडलेला असताना या बाईने तागा सोडलाच कसा?

उत्तर दुपारी मिळालं. सासूबाईंनी पेलाभर दूध निवांत संपवलं. त्याच भांड्यातलं दूध बायकोने तोंडाला लावलं आणि थुंकायला मोरीकडे पळाली.

"आई, नासलंय हे! किती घाण वास येतोय. तुला कळलं नाही?"

"असेल. मला चालतं."

"हिला काय, काहीही चालतं," बायको हसत म्हणाली.

जावयाला हसू आलं नाही. सासूबाई मागच्या महिन्यात तापातून उठल्या, तेव्हापासूनच्या गोष्टी त्याला एकेक आठवायला लागल्या. परवा शेगडीवर भाजी करपली तेव्हा सासूबाई शेजारीच बसून होत्या आणि हलल्याही नव्हत्या. म्हणजे रोज सकाळी परीक्षा नव्हतीच. त्या खरंच विचारत होत्या.

"भांडं मीच उन्हात ठेवलं होतं," तो बायकोला म्हणाला. "आईंना काय माहीत."

सासूबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि रिकामा पेला विसळायला घेतला.

चुना घालून रांजण दोन दिवस झाकून ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळीच, ज्यांचे तागे रंगवायचे होते त्या शिंपीणबाई दारात हजर. त्यांच्या गिऱ्हाइकाने धोशा लावला होता आणि तो धोशा त्यांनी जसाच्या तसा इथे आणला होता.

"आज तरी कापड मिळणार ना?"

सासूबाईंनी जावयाकडे बघितलं. तो वाकला. वास निवळला होता, तरी तळाशी अजून आंबटपणाची झाक होतीच. त्याने पुन्हा एकदा श्वास घेतला. शिंपीणबाईंची चप्पल दारात अधीर वाजत होती.

"आज नाही," तो म्हणाला. आवाज बारीक आला म्हणून त्याने परत सांगितलं, "आज नाही सोडायचं. अजून चुना लागेल. उद्या बघू."

"अहो, वरून तर चांगलं दिसतंय," शिंपीणबाई डोकावत म्हणाल्या. मग सासूबाईंकडे वळल्या. "यांचं काय ऐकता? तुम्ही स्वतः बघा ना."

सासूबाईंनी झाकण उचललं, रांजणावर नीट बसवलं आणि हात पुसले.

"आमच्या रंगाऱ्याने बघितलंय," त्या म्हणाल्या. "तो नाही म्हणाला, म्हणजे नाही."

जावई घाईघाईने चुन्याचा डबा शोधायला लागला. डबा त्याच्या पायाशीच होता.