तांब्याच्या खोलीचं तोरण

सकाळचा भोंगा झाला की विनायक देवगडे बगलेत ट्रान्झिस्टर घेऊन तांब्याच्या खोलीत शिरायचा. रेडिओ लावायचा, दार ओढून घ्यायचा, आणि रेडिओ गप्प झाला की कामाला लागायचा. कारखान्यात बाकी कोणाला रेडिओ आणायची परवानगी नव्हती. विनायकला होती, कारण त्याचा रेडिओ न वाजण्यासाठी होता.

ही खोली भोपाळच्या त्या मोठ्या सरकारी कारखान्यात, चाचणी विभागाच्या पोटात होती. भिंती, छत, जमीन, सगळं तांब्याच्या पत्र्याने मढवलेलं. दाराच्या कडेला पितळी पात्यांची झालर होती. दार लागलं की ती चौकटीला घट्ट चिकटायची आणि तांब्याला कुठे फट उरायची नाही. दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत फॅराडे नावाच्या माणसाने अशीच धातूने मढवलेली खोली केली, स्वतः आत बसला आणि बाहेरून विजेच्या ठिणग्या सोडायला लावल्या. आत त्याच्या यंत्राला पत्ताही लागला नाही. विनायकने ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा त्याची बायको रत्नप्रभा म्हणाली, "त्यांच्या बायकोला विचारलं होतं का?"

कारखान्यातली खोली माणसांसाठी नव्हती, बुशिंगसाठी होती. बुशिंग म्हणजे ट्रान्सफॉर्मरची चिनीमातीची मान, जिच्यातून वीज बाहेर येते. तिच्यावर मोठा दाब चढवायचा आणि पोटात कुठे बारीक ठिणगी उडते का ते मीटरवर पाहायचं. ती ठिणगी इतकी बारीक असते की शेजारचं वेल्डिंग, डोक्यावरची क्रेन, आकाशवाणी, कोणीही मीटरवर येऊन तिच्या नावाने नाचून जाईल. म्हणून बाहेरच्या सगळ्यांना तांब्याच्या बाहेर ठेवायचं. आत जाणारी प्रत्येक वायर आधी गाळणीतून काढायची. गाळणीशिवाय आत वायर नाही, हा नियम विनायकने स्वतः लाल रंगात दारावर लिहिला होता.

दसऱ्यानंतर रेडिओ आत वाजायला लागला.

आधी खुसफुसला. मग बातम्या स्पष्ट आल्या. दोन बुशिंगं मीटरवर नापास झाली. त्यांच्या पोटात ठिणगी होती की शेतकऱ्यांसाठी हवामानाचा अंदाज, हे कोणी सांगू शकेना.

विभागाचे मॅनेजर सक्सेना साहेब आत आले, गाणं ऐकलं आणि म्हणाले, "देवगडे, ये कमरा है कि पान की दुकान?"

"शोधतोय, साहेब."

"ढूँढो. अब ग्राहक का इन्स्पेक्टर आ रहा है. इस बार भी फेल हुआ तो कमरा बंद, और तुम दक्षिणवाले युनिट में. वहाँ एक जगह खाली है, भरनी ही है."

विनायकने हे घरी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. बदलीची कुणकुण रत्नप्रभाला उन्हाळ्यापासून लागली होती. लग्नानंतर तिने नागपूरला नोकरी सोडली, मग झाशीला सोडली, मग आणखी एका गावी, ज्याचं नाव ती घेत नसे. इथे वसाहतीच्या शाळेत तिला या जूनमध्ये पहिलीचा वर्ग मिळाला होता. सगळी पोरं आत्ता कुठे 'क' सरळ काढायला लागली होती. तिने माहूरच्या रेणुकेला सांगितलं होतं, ही बदली टळू दे, हे रोज ज्या दारातून जातात त्या दाराला तोरण बांधीन.

आणि ते तिने आधीच करून बांधायला दिलं होतं. नवस काम झाल्यावर फेडतात, हे शेजारच्या कुसुमताईंनी तिला सांगून पाहिलं. "मी आगाऊ फेडते," रत्नप्रभा म्हणाली. "देवीला विसरायला जागा नको."

तोरण देखणं होतं. काचेचे मणी, कापडाची आंब्याची पानं, मधे मधे पितळी घुंगरं. दोरा कुजतो, म्हणून क्रेन चालवणाऱ्या दत्तू हेडाऊने, तारेची वेटोळी गुंडाळतात त्या वाइंडिंग शॉपच्या भंगारातून बारीक तार आणून दिली होती. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली तेव्हा विनायकने ते खोलीच्या दारावर बांधलं. नवसाचं तोरण सलग असावं आणि त्याचं टोक देवीच्या पायाशी टेकावं, अशी रत्नप्रभाच्या माहेरची रीत. देवीची तसबीर खोलीत आतल्या भिंतीवर होती. म्हणून तोरणाचं शेपूट दाराच्या कडेने पात्यांमधून आत घेऊन तसबिरीपर्यंत नेलं होतं.

मग शोध सुरू झाला. पितळी पाती पेट्रोलने पुसली. गाळण्या बदलल्या. पत्र्याच्या सांध्यांना पुन्हा डाख दिला. दत्तूची क्रेन थांबवून पाहिली. वेल्डरला घरी पाठवलं, तो खूश झाला. सक्सेना साहेबांना आकाशवाणीने ताकद वाढवली असल्याची शंका आली. प्रत्येक उपायानंतर विनायक रेडिओ घेऊन आत जायचा आणि दार लावताना तोरणाचं शेपूट दोन बोटांनी हळूच बाजूला धरायचा, मणी चिरडू नयेत म्हणून. मग दार लागायचं आणि रेडिओ वाजायचा.

"भाऊ, खोलीला नजर लागली," दत्तू म्हणाला. "लिंबू-मिरची बांधू का?"

"जागा कुठे आहे? तोरण आहे तिथे."

"हो, तेही खरंच."

गिऱ्हाईकाचे इन्स्पेक्टर अय्यंगार आले. कपाळावर गंध, हातात ब्रीफकेस. दारात त्यांनी तोरण पाहिलं, आत तसबीर पाहिली, आणि बूट काढून आत गेले. सक्सेना साहेबांनाही मग काढावे लागले. त्यांच्या मोज्याला भोक होतं.

"शील्डिंग का टेस्ट पहले दिखाइए," अय्यंगार म्हणाले.

विनायकने रेडिओ लावला, शेपूट दोन बोटांत धरलं आणि दार आतून ओढलं. रेडिओत एक बाई भजन म्हणत होती. दार लागलं तरी म्हणत राहिली. अय्यंगारांनी डोळे मिटले. भजन चांगलं होतं.

विनायकच्या बोटांतून शेपूट सुटलं. बाईचा आवाज बसला. त्याने ते पुन्हा धरलं, बाई पुन्हा जोरात. सोडलं, खाली. धरलं, वर.

विनायकने तारेवर नख ओढून पाहिलं. तार वाइंडिंग शॉपची होती. तिच्यावर वार्निशचा लेप होता. उघडी तार असती तर पितळी पात्यांनी तिच्यावरचे सगळे आवाज चौकटीशीच तांब्यात उतरवले असते. लेप लावलेली तार त्यांना न शिवता मधून निसटत होती आणि सगळं भोपाळ आत आणत होती. गाळणीशिवाय आत वायर नाही, असं लिहिलेल्या लाल अक्षरांवरच ते तोरण लोंबत होतं. त्याने रोज त्या तारेला हात लावला होता. पण तोरण ही वायर असते, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. ते तोरण होतं.

अय्यंगारांनी डोळे उघडून त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग तसबिरीकडे. "ये आपका घर का मामला लगता है," ते म्हणाले. "खाने के बाद टेस्ट करेंगे."

पक्कड विनायकच्या खिशात होती. एक चिमटा काढायचा अवकाश. पण तोरण नवसाचं होतं आणि नवस त्याचा नव्हता. त्याने सायकल काढली.

शाळेच्या व्हरांड्यात रत्नप्रभा त्याला पाहून बाहेर आली. "अहो, या वेळी? बदलीचं पत्र आलं का?"

"अजून नाही. तोरण तोडलं तर येणार नाही."

"आणि नाही तोडलं तर?"

"तर येईल."

तिने सगळं ऐकून घेतलं. आत पोरं 'क कमळाचा' ओरडत होती. "म्हणजे बदली टळावी म्हणून बांधलं, आणि त्याच्यामुळेच होतेय?"

"तसंच झालं."

"तुम्ही बांधताना बघितलं नाही?"

"तू बांधायला सांगितलंस."

"मी दाराला सांगितलं होतं. वीज तुमच्याकडे असते."

विनायकने सायकलची घंटी बोटाने पुसली.

"तोरण तोडायचं नाही," रत्नप्रभा म्हणाली. मग वर्गात विचारावं तसं तिने विचारलं, "त्या खोलीत बाहेरचं काही जात नाही ना? तुम्हीच सांगता."

"नाही. जाता कामा नये."

"मग देवीला तिथे कशाला बसवलंत? माझं गाऱ्हाणं तिच्यापर्यंत पोचणार कसं? पोचलं असेल तर त्या तारेनेच पोचलं असेल."

"ती वायरीवर अवलंबून नसते गं."

"मग बाहेर बसली तर तिचं काय बिघडेल? तिला बाहेर आणा. तोरण सलग राहील, टोक तिच्या पायाशी राहील, आणि तुमच्या खोलीत तुमचं तुम्ही बसा." ती वर्गाकडे वळली. "पुसू नका रे अजून! मी बघितलं नाही!"

जेवणाच्या सुटीत विनायकने तसबीर काढली. दत्तूने दाराबाहेरच्या खांबाला खिळा मारला. शेपूट पात्यांमधून हलकेच ओढून देवीच्या पायाशी टेकवलं. एकही मणी फुटला नाही. अय्यंगारांनी बाहेर हात जोडले आणि या वेळी बूट घालूनच आत गेले. सक्सेना साहेबांनी नि:श्वास सोडला.

दार लागलं. बाई ओळीच्या मधेच गप्प झाली. मग बुशिंगवर दाब चढत गेला आणि मीटरचा काटा शून्यापाशी पडून राहिला, दुपारी कुत्रं पडून राहावं तसा.

"दोष क्या था?" सक्सेना साहेबांनी विचारलं.

"एक तार आत येत होती, साहेब. बाहेर काढली."

"गुड."

नाताळच्या सुमारास बदल्या निघाल्या. दक्षिणेतली ती जागा भरायची होतीच. तिथे सक्सेना साहेबांना पाठवलं. निरोपाच्या चहाला त्यांनी विनायकला बाजूला घेऊन विचारलं, "वो तोरण किसने बनाया था?" विनायकने सांगितलं. त्यांनी हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं.

त्या संध्याकाळी रत्नप्रभा पाट्या तपासत बसली होती.

"आज आत रेडिओवर काय लागलं होतं?" तिने विचारलं.

"काही नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढची पाटी घेतली.