सहावी पाकळी

वरच्या दिवाणखान्याबाहेरची पितळी पाटी वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘छतावरील मधल्या फुलाला वास्तुकाराने मुद्दाम एक पाकळी कमी ठेवली. परिपूर्णता केवळ ईश्वराची, ही त्यामागची नम्र भावना.’

नम्र भावना म्हणे! ती सहावी पाकळी चाळीस वर्षं आमच्या घरी, फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळून पडलीय.

या बंगल्याचं आता हॉटेल झालंय. कमानी, खांब वास्तुकाराने कागदावर काढले, कबूल. पण छत माझ्या बापाने केलं. साच्यात प्लास्टरची एकेक पाकळी ओतायची, वाळवायची, मग परांचीवर उताणं पडून वर चिकटवायची. शेवटची पाकळी खिशात असताना बाबांच्या पायात खिळा घुसला. कामगारांनी मागच्या लोखंडी गोल जिन्यानेच ये-जा करायची, असा मालकाचा नियम. बाबा लंगडत पुढच्या संगमरवरी जिन्याने उतरले. मालकाने त्यांच्याकडून रक्ताची एकेक पायरी पुसून घेतली आणि त्यांना हाकलून दिलं.

आणि आता छताच्या डागडुजीला मला बोलावलं होतं.

“त्या फुलाला तेवढा हात लावू नका,” मॅनेजर म्हणाला. “पाहुणे त्याचेच फोटो काढतात.”

मी त्याला खिळ्यापासून सगळं सांगितलं. “ते माझ्या वडिलांनी केलंय. पाटीवर त्यांचं नाव घाला. बाकी काही मागत नाही मी.”

तो हसला. खरंच हसला. “अहो मिस्त्री, पाहुण्यांना गोष्ट लागते. खिळ्याची गोष्ट कोण वाचणार?”

घरी जाऊन मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी फळीवरून डबा काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी परांचीवर चढलो आणि पाकळी बसवली. पाच पाकळ्या आधी धुऊन पांढऱ्या केल्या, सहावी तशीच पिवळट ठेवली. खालून लगेच दिसत होती.

मॅनेजर बोंबलत आला. “काढा ती! पाटीचं काय करू आता?”

“पाटी काढा. ती स्क्रूवर आहे. आमचं काम तसं निघत नाही.”

अवजारं उचलली आणि पांढऱ्या प्लास्टरने माखलेल्या चपलांनी पुढच्या जिन्याने उतरलो. पायरीपायरीवर ठसा. घाई मुळीच केली नाही.

“उद्यापासून येऊ नका! आणि आधी हे पुसा!” वरून आवाज आला.

काम गेलं. संताप मात्र घरी पोचेपर्यंत गेला नव्हता.

बाबा दारातच बसले होते. “नीट बसली?”

“बसली.”

“उतरलास कुठून?”

“पुढच्या जिन्याने.”

त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, “पुसायला लावलं का रे?”

“लावलं. मी नाही पुसलं.”