धोट्यांच्या मिशा

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे चिंधाआप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. लूमवरचे काशिनाथ मास्टर जाऊन आठ महिने झाले, तरी भेस्तानच्या यंत्रमाग वस्तीतल्या चहाच्या टपरीवर त्यांचं सुरूच होतं. "काशिनाथनं साडूले जिकाडलं. मनी गाडी पुढे व्हती!"

गाडी म्हणजे लूममध्ये आडवा धागा नेणारा, आता टाकून दिलेला लाकडी धोटा, खाली चार बेअरिंग. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, ज्यांना गावी खानदेशात जायला रजा मिळत नसे, ते कारागीर तीस फुटांच्या उतरत्या फळीवरून, शेजारशेजारच्या दोन पन्हाळींतून असे धोटे सोडत. ढकलायचं नाही, जे करायचं ते उतारानं. खाली काशिनाथ मास्टर पोटावर झोपून निकाल द्यायचे. गेल्या आखाजीला आप्पांचा आणि सुकदेवचा असे दोन्ही धोटे बरोबरच पोचले. मास्टर उठले, पोट झाडलं आणि म्हणाले, "सुकदेव. एका धाग्यानं." सुकदेव त्यांचा साडू.

मास्टरांची मुलगी नूतन टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. बाप संत नव्हता, हे तिला माहीत होतं. घरातला प्रत्येक रेडिओ त्यानं उघडला होता आणि मिटताना दोन स्क्रू उरवले होते. पण तो लबाड होता, हे तिला ऐकवत नव्हतं. म्हणून तिनं साडीच्या खोक्यात टायमर बांधला, सेकंदाचा हजारावा भाग मोजणारा. वरचं फाटक उघडलं की दोन्ही पन्हाळींचे आकडे धावायला लागत. शेवटच्या रेषेवर प्रत्येक पन्हाळीला भोक, भोकात उजेड ओळखणारा सेन्सर, वर टॉर्चचा बल्ब. धोट्यानं उजेड अडवला की आकडा थांबे.

या आखाजीला त्याच दोन गाड्या सोडल्या. आप्पा पंधरा हजारांशांनी पुढे.

"सांग आते माइकवर, तुना बाप लबाड व्हता!"

"थांबा आप्पा. घड्याळ चुकलंय."

"बाप हरना का घड्याळ चुकनं!"

मांडव हसला. सुकदेवमावसा चपला शोधू लागले.

पंधरा हजारांश म्हणजे त्या वेगाला तीन-चार बोटांचं अंतर. ते टपरीवरून दिसलं असतं, आणि इथे तर धोटे बरोबर पोचलेले सगळ्यांनी पाहिले होते. नूतननं सुकदेवची गाडी हातानं रेषेवरून सावकाश नेली. गाडी जरा डुलत होती. धोट्याचं टोक सुईसारखं, ते भोकाच्या बाजूनं निघून गेलं. उजेड अडला तो मागच्या पोटानं. धोट्याला टोक असतं, हे लूममास्टरच्या मुलीच्या लक्षात राहू नये!

तिनं साडीच्या खोक्याच्या झाकणातून सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या कापल्या आणि दोन्ही धोट्यांच्या नाकाखाली आडव्या चिकटवल्या.

"मिशा!" आप्पा म्हणाले. "चला, सुकदेवले निदान गाडीवर तरी मिशी उनी."

मग पाच फेऱ्या झाल्या, पन्हाळी बदलून बदलून. आणि प्रत्येक वेळी नूतननं आकड्यांवर रुमाल टाकला.

"आप्पा, तुम्हीच झोपा खाली. बघून सांगा कोण."

आप्पा झोपले, छातीठोक सांगत गेले: मी, मी, सुकदेव, मी, सुकदेव. रुमाल उचलल्यावर पाचांतले तीन निकाल चुकलेले निघाले. दोनदा तर स्वतःच्याच गाडीला त्यांनी हरवलं होतं. फरक दोन-तीन हजारांशांचा, नखाएवढा. पण बेरजेत जिंकले होते आप्पाच.

नूतननं माइक घेतला.

"चिंधाआप्पांची गाडी जास्त वेगवान आहे. पण गेल्या वर्षी माझ्या आबांनी चोरी केली नाही. चोरी करायला आधी दिसावं लागतं. त्यांना काहीही दिसलं नव्हतं. त्यांनी ठोकून दिलं."

मांडव पोट धरून हसला. आप्पा तेवढे हसले नाहीत. ते फळीखालून उठले, सदऱ्याची धूळही न झटकता तिच्याकडे आले.

"मरेल बापले आसं बोलतस का वं, चार लोकांत?"

नूतननं माइक बंद केला.

"चुकलं, आप्पा," ती म्हणाली.