कमानीवरची वीतभर जागा

थोरलीने वेलीचा आकार उतरवायचा खाक्याचा कागद ओल्या गिलाव्यावर धरला. कागद पुरत नव्हता.

जुन्या चर्चमधली वेदीवरची कमान तिने रंगवायला घेतली होती. दोन्ही खांबांच्या पायथ्यापासून दोन द्राक्षवेली वर चढणार आणि कमानीच्या माथ्यावर एकमेकींत गुंतणार, असं तिचं चित्र. डावी वेल तिने चढवत आणली, उजवी धाकट्या भावाने. आज माथ्यावरचा शेवटचा तुकडा लिंपला होता. चुना ओला आहे तोवरच रंग आत मुरतो. सुकला की गिलावा खरवडा आणि पुन्हा पहिल्यापासून या. त्यात फादर खाली पहिल्या बाकावर येऊन बसलेले. कमान पसंत पडली तर सगळं छत रंगवायचं काम तिलाच मिळणार होतं.

आणि उजव्या बाजूला वीतभर जागा कोरी उरत होती.

कारण तिला लगेच कळलं, म्हणून तर घाम फुटला. मापं घेताना तिने डावी बाजूच तेवढी मोजली होती. मग कागदाची घडी घालून दुसरा अर्धा भाग उतरवून घेतला. एवढी जुनी इमारत, उजवा खांब खचलेला. ती बाजू लांब भरणारच. शाळकरी पोरानेही दोन्हीकडे टेप लावली असती.

धाकटा परांचीच्या त्याच फळीवर, तिच्याकडे पाठ करून रंग घोटत होता. महिनाभर दोघांत अबोला. खाके त्याने कापले, रंग त्याने जमवले, आणि फादरना चित्र दाखवताना तिने त्याचं नावसुद्धा घेतलं नाही. तेव्हापासून 'त्याला सांग', 'तिला सांग' करता करता आई मेटाकुटीला आली होती.

"तुला माहीत होतं," थोरली पुटपुटली.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"'एक रेघही हलवायची नाही', असा आईकडून तुझाच निरोप होता. नाही हलवली."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्याला फळीवरून ढकलून द्यावं असंच वाटलं. पण गिलाव्याच्या कडा पांढुरक्या व्हायला लागल्या होत्या. खाक्याशिवाय, एका दमात वेल ओढणारा हात तिच्याकडे नव्हता. त्याच्याकडे होता. लहानपणापासून होता, आणि तेच तिला कायम सलत आलं होतं.

तिने कागद चुरगाळला, ब्रश त्याच्यापुढे धरला. "तू काढ. तुला हवं तसं."

तो ब्रश घेऊन उठला. तिने दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली. त्याने एक फांदी ओढली, तिला वळसा दिला आणि दोन्ही वेलींच्या टोकांवर एक मोठं पान पसरलं. बघता बघता चुन्याने रंग पिऊन टाकला. आता पुसायची सोय नव्हती.

फादर उठून उभे राहिले. मान वर करून कमान न्याहाळू लागले.

"मधलं ते पान," त्यांचा आवाज घुमला, "मला दाखवलेल्या चित्रात नव्हतं."

आयत्या वेळी सुचलं म्हटलं असतं, तरी भागलं असतं.

"नव्हतं, फादर," ती वाकून म्हणाली. "माप घेताना मी चुकले. ते सावरायला माझ्या भावाने काढलं. अर्धी कमान त्याचीच आहे. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

धाकट्याने कपाळावर हात मारला, हिरव्या रंगासकट.

"अगं ताई," महिनाभरात पहिल्यांदा तो तिला ताई म्हणाला, "अर्धंच सांगायचंस ना, चुकीचं कशाला! छत गेलं की आपलं!"